काळ्यावर काळें

ज्या चित्रांत एकही रंग नाहीं तें कागदावर उतरविण्यासाठीं दहा-बारा रंगांचें यंत्र विकत घ्यावें लागतें, ही गोष्ट प्रथम ऐकणारास थट्टेची वाटते. निळा, किरमिजी, पिवळा, जांभळा हा रंगपंचमीचा सारा सरंजाम कृष्णधवल छायाचित्रासाठीं कशाला हवा, असा प्रश्न आमच्या घरांत उघडपणें विचारण्यांत आला. आणि विचारणाऱ्या व्यक्तीच्या हातीं घरच्या जमाखर्चाची वही असल्यामुळें त्याला टाळाटाळीचें उत्तर देऊन भागण्यासारखें नव्हतें. आम्ही महाविद्यालयांत इंग्रजी काव्य शिकवितों. शाई, कागद आणि विजेचीं यंत्रें हा आमचा प्रांत नव्हे. परंतु लाखाच्या पुढची रक्कम खर्चण्याची वेळ आली म्हणजे मनुष्य कोणत्याही शास्त्रांत चार पावलें आपोआप पुढें जातो, तसे आम्हीही गेलों. आणि जें हातीं लागलें तें माहितीपत्रकांत ज्या क्रमानें छापलेलें असतें, त्याहून अगदीं निराळ्या क्रमानें आम्हांस महत्त्वाचें वाटलें.

प्रथम त्या प्रश्नाचें उत्तर. शाईचा फवारा मारणाऱ्या यंत्राला, ज्याला आतां लहान मुलेंही इंकजेट प्रिंटर म्हणतात त्याला, करडा रंग ठाऊक नसतो. त्याला दोनच गोष्टी येतात: कागदाच्या एखाद्या बिंदूवर थेंब टाकणें, किंवा न टाकणें. हा थेंब कल्पनेच्या पलीकडे सूक्ष्म असतो. एका लिटराचे एकावर बारा शून्यें इतके भाग केले तर त्यांतल्या दोन-चार भागांएवढाच. पण काळ्या शाईचा थेंब कितीही लहान असला तरी तो काळाच. लहान मुलाच्या गालावरची पुसट सांवली केवळ काळ्या शाईनें काढूं गेल्यास थेंब विरळ विरळ टाकावे लागतात, आणि गालावर मिरपूड सांडल्यासारखी दिसते. यावर एक उपाय असा कीं, रंगीत शाया मिसळून करडा रंग सिद्ध करावा. छटा मऊ येतात खऱ्या. पण त्यांत एक विलक्षण खोड असते. जें चित्र विजेच्या दिव्याखालीं निर्मळ करडें दिसतें, तेंच खिडकीपाशीं नेलें कीं हिरवट होतें. प्रत्येक शाई प्रकाशांतील कांहीं किरण गिळते व कांहीं परत पाठविते, आणि दिव्याच्या व सूर्याच्या प्रकाशांत त्या किरणांचें प्रमाणच भिन्न. म्हणून उजेड बदलला कीं करड्याची जात बदलते. दुसरा उपाय अधिक सरळ. काळ्या शाईच्याच दोन फिक्या बहिणी तिच्या शेजारीं बसवाव्या. एप्सन कंपनीनें २००५ सालीं अशा तीन काळ्या छटांच्या शाया बाजारांत आणल्या, आणि तेव्हांपासून टेबलावरच्या यंत्रांतून निघालेलें कृष्णधवल चित्र निःशंकपणें भिंतीवर लावण्याजोगें झालें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां एप्सनच्या पी-९०० या १७ इंची यंत्रांत १० शाया आहेत. त्यांतल्या ४ काळ्या-करड्या कुळांतल्या. कॅननच्या प्रो-१००० या तेवढ्याच रुंदीच्या यंत्रांत १२; त्यांतही ४ याच कुळांतल्या, आणि एक तर मुळीं रंगच नव्हे, चकाकी सर्वत्र सारखी यावी म्हणून वरून द्यावयाचें पारदर्शक द्रव्य. कृष्णधवल चित्र छापतांना यंत्र जवळ जवळ सारा भार या कुळावर टाकतें; बाकीचे रंग येतात ते आमटींतल्या हिंगाइतके, काळ्याला किंचित् ऊब किंवा किंचित् गारवा देण्यापुरते. हा खुलासा आम्हीं घरांत केला. “म्हणजे उरलेल्या शायांचे पैसे हिंगाचे,” असा त्याचा सारांश वहीच्या मालकिणीनें काढला, आणि तो अगदींच चुकीचा आहे असें म्हणवत नाहीं.

हिंगही नको म्हणणारे लोक जगांत आहेत. अमेरिकेंतील व्हर्मांटचे जॉन कोन यांनीं पीझोग्राफी नांवाची पद्धत काढली. तींत रंगीत शाया अजिबात काढून टाकून यंत्राच्या खणाखणांत काजळीच्याच दाट-पातळ छटा भरतात. रॉय हॅरिंग्टन यांनीं क्वाडटोन रिप नांवाची आज्ञावली लिहिली. तिच्या योगानें एप्सनच्या अनेक यंत्रांवर कोणती शाई किती पडावी हें यंत्रानें न ठरवितां छापणारानें ठरवितां येतें. हा मार्ग आम्हांस मनापासून आदरणीय वाटतो. परंतु तो संन्यासमार्ग आहे, आणि ज्या घरांत एकच यंत्र यावयाचें तेथें त्याला दीक्षा दिली तर नातवंडांच्या वाढदिवसाचे फुगेही करडे छापावे लागतील.

या साऱ्या उद्योगाच्या आरंभीं एक गायक उभा आहे, हें कळल्यावर आमची या विषयाबद्दलची भीड बरीच चेपली. ग्रॅहॅम नॅश हे गाण्याइतकेच छायाचित्रांचेही षोकी. छापखानेवाल्यांना रंगांचे नमुने काढून दाखविण्यासाठीं बनविलेलें आयरिस ३०४७ नांवाचें यंत्र त्यांनीं १,२६,००० डॉलरांना घेतलें, तें जाड चित्रकलेच्या कागदावर चालावें म्हणून त्याची मोडतोड केली, आणि १९९१ सालीं मॅक होलबर्ट यांच्या साहाय्यानें कॅलिफोर्नियांत नॅश एडिशन्स ही छापण्याची शाळाच काढली. आज तें यंत्र वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयांत आहे. त्याच्या पहिल्या शाया मात्र कपड्याच्या रंगासारख्या पाण्यांत विरघळणाऱ्या होत्या, व त्या लौकर विटत. आतांच्या चांगल्या यंत्रांतील शायांत रंगद्रव्याचे न विरघळणारे कण असतात. त्यांचें कृष्णधवल चित्र कांचेमागें शंभर वर्षांहून अधिक टिकेल असे अंदाज प्रखर दिव्याखालीं परीक्षा घेऊन बांधलेले आहेत. थोड्या महिन्यांच्या प्रखर उजेडावरून शंभर वर्षांच्या मंद उजेडाचें भाकित करणें ही ज्योतिषाची जरा सुधारलेली शाखा असावी, असें आम्हांस वाटतें. तरी तिच्यावर विश्वास ठेवण्यास एक जुना आधार आपल्याकडे आहे. काळ्या शाईंतील कण म्हणजे शुद्ध काजळी, कर्ब. आपल्या पोथ्यांची शाई दिव्याची काजळी डिंकांत खलूनच करीत, आणि वाळवी व पाणी यांच्या तावडींतून सुटलेल्या पोथ्यांतलीं अक्षरें शेंकडों वर्षांनंतरही कालच लिहिल्यासारखीं काळीं आहेत. यंत्र जपानचें असलें तरी मषी आपल्या ओळखीची आहे.

पण काळें म्हणजे तरी कोणतें काळें? कृष्णधवल हा शब्दच थोडा फसवा आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. त्या पिढीचीं व पुढें राजा दीनदयाळ यांचीं चित्रें पाहावीं तर त्यांत काळें असें कांहींच नाहीं. सारा कारभार तपकिरी, कोठें जांभळट, कोठें चहाच्या डागासारखा. १८७३ सालीं इंग्लंडांत विल्यम विलिस यांनीं प्लॅटिनमच्या कागदाचें पेटंट घेतलें. त्याचा करडा मखमलीसारखा, पण खोल काळा नाहीं. आमच्या पिढीचा डोळा घडविला तो चांदीच्या ब्रोमाइड कागदानें. उटकमंडला १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा छाप आमच्या लहानपणीं घरोघरच्या फोटोवाल्यांकडे असे. तो कारखाना बंद पडला. कोडॅकनें कृष्णधवल कागद करणें २००५ सालीं थांबविलें. इल्फर्डचा कागद अद्याप निघतो, म्हणून वडिलांची डार्करूमच पुन्हां कां उघडूं नये, असें आम्हांस एका मित्रानें विचारलें. त्याचें उत्तर थोडक्यांत असें कीं, ती डार्करूम म्हणजे आमचें स्नानगृह होतें, आणि आतां त्यांत पांच माणसें रोज वेळेवर आंघोळ करून कामावर जातात.

येथें आमच्या खरेदीमागचें खरें कारण सांगितलें पाहिजे. वडिलांजवळ रोलीकॉर्ड जातीचा कॅमेरा होता, आणि त्यांनीं १९५५ पासून पुढें वीस-बावीस वर्षें काढलेल्या चौकोनी निगेटिव्हा लोणच्याच्या जुन्या बरणीशेजारीं एका पत्र्याच्या पेटींत सुखरूप राहिल्या होत्या. त्यांतली एक १९५९ च्या संक्रांतीची. वाईच्या आमच्या वाड्याच्या काळ्या दगडी जोत्यावर आजी बसली आहे, अंगावर काळी चंद्रकळा, मागें काळ्या दगडाचीच भिंत. या निगेटिव्हचा त्या वेळीं काढलेला एकच ठसा आमच्या कुटुंबांत होता. आगपेटीहून थोडा मोठा, निगेटिव्ह कागदावर ठेवून काढलेला. त्यांत आजीचा चेहरा, दोन हात आणि पायाचीं बोटें तेवढीं दिसतात. बाकी सारा डांबराचा गोळा.

ही चंद्रकळा कोणाची, याविषयीं आमच्या घराण्यांत एक जुना वाद होता. आमची आत्या त्या वर्षीं नुकतीच सासरीं गेलेली. तिच्या पहिल्या संक्रांतीसाठीं आजीनें चंद्रकळा घेऊन ठेवली होती. पण सासरच्यांनीं तिला माहेरीं पाठविण्यास नकार दिला, आणि ती साडी तिला मिळाली ती एकदम चैत्रांत. आत्याचें म्हणणें असें कीं, साडी हातीं आली तेव्हां तिची घडी मोडलेली होती. नव्या वस्त्राची घडी दुसऱ्या कोणी मोडणें याचा अर्थ आमच्या वाचकांपैकीं स्त्रियांस सांगावयास नको. पुरुषांनीं घरांत विचारावा. काका म्हणत, तुझा भास. आई स्वतःच्याच चंद्रकळेंत बसली आहे, फोटोंत दिसत नाहीं का? फोटोंत कांहींच दिसत नव्हतें. हा वाद असा साठ-पासष्ट वर्षें चालला, आणि त्यांतले आत्यावांचून सारे साक्षीदार एकामागून एक निघून गेले.

आत्या आतां ८६ वर्षांची आहे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजल्यामुळें समोरचें माणूस तिला कडेकडेनें दिसतें. लहान वस्तु दिसतच नाहीं, मोठी दिसते, आणि डॉक्टरांच्या मतें ही मोठी देखील फार दिवस दिसणार नाहीं. आमच्या मुलीनें निगेटिव्हचें संगणकावर चित्र करून तें फोनवर आणलें. “बाबा, हें बघा, हवें तेवढें मोठें होतें,” असें म्हणून ती तें दोन बोटांनीं फांकवूं लागली. चित्र मोठें झालें खरें. पण काठाजवळ जावें तों आजी पडद्याबाहेर गेलेली, आणि आजीकडे यावें तों काठ नाहींसा झालेला. शिवाय आंतून पेटलेल्या कांचेकडे आत्याला पाहवत नाहीं. तिला हातांत धरतां येईल असा कागद हवा होता. आम्हांस मोठा प्रिंटर हवा झाला तो असा.

किती मोठा, हा हिशेब निगेटिव्हनेंच करून दिला. चित्राची बाजू ५६ मिलिमीटर, म्हणजे २.२ इंच. चांगल्या स्कॅनरनें इंचाला २४०० बिंदु खरोखर टिपले, तर एका बाजूस सुमारें ५३०० बिंदु होतात. १५ इंचांच्या चौरसावर ते पसरले तर इंचाला ३५० पडतात, आणि डोळा नाकापाशीं नेला तरी चित्र कोठें फाटत नाहीं. २२ इंचांवर पसरले तर २४० पडतात. तेंही वाईट नव्हे, पण वस्त्राची वीण सैल झाल्यासारखी वाटूं लागते. पहिल्यास १७ इंची यंत्र पुरतें, दुसऱ्यास २४ इंची लागतें. धंद्यांतले लोक २४ इंचांच्या खालच्याला मोठें यंत्र म्हणतच नाहींत. परंतु २४ इंची यंत्र पायांवर उभें राहतें, वजनाला शंभर किलोंच्या आसपास भरतें, आणि तें घरांत आणावयाचें तर आमची जेवणाची खोली त्याच्या नांवें करून द्यावी लागली असती.

आमचा एक भाचा छपाईच्या धंद्यांत आहे. त्यानें आम्हांस फार शहाणा प्रश्न विचारला. “मामा, तुम्ही यंत्राला आठवड्याला किती चित्रें खायला घालणार, तें आधीं सांगा.” हें यंत्र उपाशी ठेवतां येत नाहीं. पुण्याच्या वैशाखांत हवा इतकी कोरडी होते कीं, केंसाहून बारीक छिद्रांतली शाई पंधरा दिवसांत सुकून बसते. आणि सुकलेलीं छिद्रें धुवावयाचीं तीं शाईनेंच, म्हणजे तूप सांडल्यावर भांडें तुपानेंच घासावें तसें. उलट कोंकणांतल्या पावसाळ्यांत कागदच पोळीच्या कडेसारखा वळतो. या बाबतींत दोन कंपन्यांचे धर्म भिन्न आहेत. एप्सनचें यंत्र स्फटिकाच्या अंगाला विजेनें आळोखेपिळोखे द्यावयास लावून थेंब बाहेर ढकलतें. त्याचें शाईमुख टिकाऊ, पण तें बिघडलें तर बदलणें आपल्या हातचें नव्हे. कॅननचें यंत्र शाईला क्षणभर चटका देऊन वाफेच्या बुडबुड्यानें थेंब उडवितें. कॅननचे इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेंत १९७७ सालीं गरम डाखणी चुकून शाईच्या पिचकारीला टेकली व सुईच्या टोंकांतून शाई उडाली, त्यावरून ही युक्ति सुचली अशी कथा आहे. चटके खाऊन हें शाईमुख झिजतें, पण झिजलें कीं बाजारांतून आणून घरच्या घरीं बसवितां येतें. आणि चालू ठेवलें तर यंत्र अधूनमधून आपलें तोंड आपणच धुवून घेतें. परीक्षेच्या उत्तरपत्रिका आल्या म्हणजे आम्ही तीन-तीन आठवडे दुसऱ्या कशाकडे पाहूं शकत नाहीं. त्यामुळें हा मुद्दा आमच्या मनांत बराच जड झाला.

यंत्रच कशाला, बाहेरून छापून घ्यावें, हा पक्ष घरांत प्रबळ होता आणि हिशेबानें तो बरोबरही होता. वर्षाला दहा-बारा मोठीं चित्रें काढणारानें प्रिंटर घेऊं नये. दुकानदाराला पैसे द्यावे. पण एका दुकानांतून काढून आणलेल्या पहिल्या प्रतींत आजी गोरीपान झाली होती. दुकानदारानें आपल्या मतें उपकारच केले होते. काळोख फार आहे म्हणून चित्र उजळून दिलें होतें. चंद्रकळा करडी, दगड करडा, आणि आजीच्या कपाळावरच्या गोंदणाचा पत्ता नाहीं. ॲन्सेल ॲडम्स हे छायाचित्रकार होण्यापूर्वीं पियानोवादक होण्याच्या तयारींत होते, आणि ते निगेटिव्हला संगीताच्या लिहिलेल्या पानाची व छापलेल्या चित्राला प्रत्यक्ष वादनाची उपमा देत. आपल्याकडे ती अधिकच शोभते, कारण आपली बंदिश तर दोन ओळींचीच. बाकी सारें गाणाऱ्यावर. वडिलांची बंदिश अनोळखी माणसानें कोणत्या सुरांत गावी हें दुकानाच्या गल्ल्यावर उभें राहून सांगणें आम्हांस कठीण वाटलें.

अखेर भाच्याच्या ओळखीनें दोन्ही कंपन्यांच्या यंत्रांवर, दोन प्रकारच्या कागदांवर, अशा चार प्रती काढल्या. आणि येथें जी गोष्ट माहितीपत्रकांत बारीक अक्षरांत असते ती सर्वांत मोठी ठरली. या यंत्रांत काळ्या शाया दोन असतात: एक चकाकणाऱ्या कागदासाठीं, एक खरबरीत कागदासाठीं. कापसाच्या चिंध्यांचा निस्तेज कागद आम्हांस अतिशय प्रिय आहे. जर्मनींतील हानेम्यूले या १५८४ सालापासून चालत आलेल्या गिरणीचा असा कागद हातीं घेतला कीं, दौलताबादी किंवा जुन्नरी कागदावरचें जुनें दप्तर हाताळल्याचा भास होतो. त्यावर शाई खोल मुरते. उजेड सर्व दिशांना विखुरतो, आणि कोठेंही चमक येत नाहीं. पण याच विखुरण्यामुळें त्याचा काळा कधींच पुरता काळा होत नाहीं. काळेपणा मोजण्याच्या मापांत तो साधारण १.७ पर्यंत जातो. बेरियमच्या क्षाराचा थर दिलेल्या, किंचित् चकाकी असलेल्या बरायटा कागदावर हाच आंकडा २.४ च्या आसपास पोंचतो. हें माप घातांकाचें असल्यामुळें अंतर दिसतें त्याहून मोठें आहे: दुसऱ्या कागदाच्या काळ्यांतून परत येणारा उजेड पहिल्याच्या एक-पंचमांशच. पांढऱ्या बाजूनें पाहिलें तर दोन्ही कागद तुल्यबळ. आकाश, धोतर, भिंतीचा चुना, म्हाताऱ्याचे केंस यांसाठीं आम्ही आजही पहिलाच घेऊं. परंतु काळ्या दगडापुढें काळें वस्त्र असेल, तर त्या दोहोंमध्यें जे दहा-बारा अंधार असतात त्यांना राहावयास जागा लागते, आणि ती जागा बरायटावर आहे.

आम्ही चारही प्रती घेऊन वाईस गेलों. आत्यानें निस्तेज कागदावरच्या दोन्ही प्रती डोळ्यांच्या कडेशीं धरून पाहिल्या व खालीं ठेवल्या. बरायटावरची प्रत हातीं घेतली तेव्हां प्रथम दाराच्या उजेडाची तिरीप तिच्यावर पडून सारें पांढरें झालें. तिनें ती किंचित् कलती केली, आणखी कलती केली, आणि मग तशीच धरून ठेवली. तांबडा रंग त्या काळच्या फिल्मवर काळ्याहून अगदीं थोडा उजळ उमटे. तेवढ्याच फरकावर काठ उभा होता. वडिलांनीं छायेला पुरेसा उजेड दिला होता, आणि तो इतकीं वर्षें त्या निगेटिव्हमध्यें पडून होता.

“रुईफूल,” आत्या म्हणाली. मग बऱ्याच वेळानें म्हणाली, “आईच्या चंद्रकळेला नारळी काठ होता. तुझ्या काकाला सांगत होतें मी.”

आम्हीं काठाकडे पाहिलें. लहान लहान फुलांची ओळ पायाच्या बोटांपासून जोत्याच्या कडेपर्यंत स्पष्ट गेली होती. आजीनें पदर दोन्ही हातांनीं पुढें घेऊन घट्ट धरला होता, हें त्या आगपेटीएवढ्या ठशांत कधींच कळलें नव्हतें. तेथें आणखी कांहीं बोलणें झालें नाहीं. आत्याच्या सुनेनें चहा आणला.

दोन यंत्रांच्या बरायटावरील प्रतींत भेद होता, पण तो शोधून काढावा लागे. तेव्हां निवड व्हावयाची ती शाईच्या खोलीवर नव्हे, घरांतल्या सोयीवर झाली. एक गोष्ट दोन्हींत साधलेली आहे, आणि ती आम्हांस अत्यावश्यक होती: दोन्ही काळ्या शायांना स्वतंत्र छिद्रें आहेत. एप्सनच्या आधींच्या पी-८०० यंत्रांत त्या एकाच वाटेनें जात, आणि कागदाची जात बदलली कीं वाटेंतली शाई फेंकून दुसरी भरावी लागे. ज्याला सकाळीं दगड व संध्याकाळीं आकाश छापावयाचें आहे, त्याचें तेथें दिवाळें निघावयाचें. पी-९०० चें वजन १५ किलो, प्रो-१००० चें ३२. पहिल्यांत शाईच्या १० डब्या प्रत्येकीं ५० मिलिलिटरच्या. दुसऱ्यांत १२ डब्या प्रत्येकीं ८० च्या, म्हणजे भरल्या यंत्रांत जवळ जवळ लिटरभर शाई. हा लिटर ज्या भावानें पडतो त्या भावांत केशर येत नसलें तरी त्याची आठवण येते. जागा व वजन पाहतां पहिलें सोयीचें. आमचा आळस व उत्तरपत्रिका पाहतां दुसरें. आम्हीं दुसरें घेतलें. जमाखर्चाच्या वहींत तें ‘आत्या’ या सदराखालीं घातलेलें आम्हीं नंतर पाहिलें.

चौघांनीं मिळून तें माडीवर चढविलें. कार्तिकांतल्या हवेंत तें निर्वेध चाललें आहे; वैशाखासाठीं आम्हीं त्याच्याजवळ पाण्याची परात व आर्द्रता दाखविणारें घड्याळ ठेवण्याचें ठरविलें आहे. आजीचें चित्र १५ इंचांच्या चौरसांत दोन वेळां छापलें. एक कांचेमागें घालून आमच्या दिवाणखान्यांत लावलें, कारण या कागदाचा पृष्ठभाग नाजूक, त्यावर नख लागलें तरी ओरखडा राहतो. आत्याच्या प्रतीलाही तशीच चौकट करून नेली होती. तिनें ती परत पाठविली. कांच काढून दे म्हणाली. आतां तें चित्र तिच्या उशापाशीं उघडेंच असतें, आणि तिच्या सुनेनें परवां फोनवर सांगितलें कीं, काठावरची तीन-चार फुलें बोटाखालीं पुसट होत आली आहेत. त्याच कागदाचा एक ताव आम्हीं तिसऱ्या प्रतीसाठीं बाजूला काढून ठेवला आहे.